पाखरांची हजेरी आपणच घेऊ या



सुगी आटोपत आली आहे. भात झोडून घरात आले, हरभरा आणि ज्वारी रानात उभी आहे, उसाच्या तोडीची घाई सुरू झाली आहे. याच दिवसांत गावाखालच्या तलावावर रात्री-अपरात्री एक निराळाच गलका ऐकू येऊ लागतो. ‘पाहुणे आले,’ असे आपल्याकडची म्हातारी माणसे म्हणतात. उत्तरेकडच्या थंडीला पाठ दाखवून बदके, करकोचे आणि चिखलात चोच खुपसणारी लहानमोठी पाखरे आपल्या पाण्यावर उतरलेली असतात. होळीच्या सुमारास ती निघून जातात. किती आली, किती गेली, याची नोंद मात्र आपल्यापैकी कोणाकडेही नसते. घरी आलेल्या पाहुण्यांची संख्या यजमानाला ठाऊक नसावी, हे काही शोभणारे नाही.

गेल्या जानेवारीत जिल्ह्यातील काही पक्षिमित्रांनी आम्हाला विचारले, ‘तुमच्या तलावाची मोजणी तुम्ही कराल का?’ आम्ही उत्साहाच्या भरात हो म्हणून गेलो. त्या रविवारी दुसरी मिस्सा आटोपल्यावर, म्हणजे दहाच्या सुमारास, वीस-बावीस जण तलावाकडे निघालो. मुलांनी डबे घेतले, दोन कुत्रीही बरोबर आली. बांधावर पाय ठेवताच अर्धी पाखरे उडाली. उरलेल्यांची मोजणी सुरू झाली तेव्हा एकाने तीनशे सांगितली, दुसऱ्याने आठशे, तिसऱ्याने नुसते ‘पुष्कळ’ म्हटले. एक थवा घिरट्या घालून परत आला, तो कोणी दोनदा मोजला आणि कोणी तीनदा. शेवटी ‘सुमारे पाचशे बदके’ असा आकडा कळवून आम्ही मोकळे झालो. पलीकडून नम्रपणे विचारणा झाली, ‘कोणती बदके? किती वाजता? तलावाचा केवढा भाग पाहिला?’ यातल्या एकाही प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आमचा आकडा बाजूला ठेवण्यात आला, आणि ते योग्यच झाले. दोष सर्वस्वी आमचा होता.

दुसऱ्या दिवशी तलावाकाठी रान असलेले एक शेतकरी भेटले. ते म्हणाले, ‘फादर, तुम्ही तलावातली पाखरे मोजलीत. पण रात्री ती माझ्या हरभऱ्यात होती. ती कोण मोजणार?’

हा प्रश्न वर्षभर आमच्या मनात घर करून राहिला आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत. आमचे मत थोडक्यात असे : पाखरांची मोजणी हा शहरातल्या हौशी लोकांचा खेळ नव्हे. ज्यांच्या पाण्यावर पाखरे उतरतात आणि ज्यांच्या रानात ती चरतात, त्यांनीच ती मोजली पाहिजेत. दुसऱ्याने मोजले तर तो पाखरेच लिहील. आपण मोजले तर पाखरेही लिहू आणि रानही लिहू.

ही मोजणी म्हणजे काय, हे आधी सांगतो. पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना १९६७ साली सुरू झाली. तिचाच भाग असलेली आशियाई पाणपक्षी गणना १९८७ साली भारतीय उपखंडात सुरू झाली आणि पुढे आशियाच्या इतर भागांत पसरली. आपल्या देशात मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि वेटलँड्स इंटरनॅशनल ही संस्था तिचा मेळ घालतात. मोजणारे सगळे स्वयंसेवक असतात. कोणाला मानधन नाही, भत्ता नाही.

मोजणी जानेवारीतच का? त्या महिन्यात येणारी पाखरे येऊन स्थिरावलेली असतात आणि परत निघालेली नसतात. शिवाय सर्वांनी एकाच सुमारास मोजले म्हणजे आज या तलावावर मोजलेला थवा पुढच्या महिन्यात दुसऱ्या तलावावर पुन्हा मोजला जाण्याचा घोटाळा टळतो. गावची जनगणना करताना भावाकडे राहायला गेलेला माणूस दोन्ही घरांत लिहिला जाऊ नये, तसेच हे आहे.

आपला भाग या दृष्टीने लहान नाही. गोकाक तालुक्यात घटप्रभा नदीवर धूपदाळचा बंधारा आहे. तेथील पाण्यावर हिवाळ्यात कांड्या करकोचे येतात. गदग जिल्ह्यातील मागडीच्या तळ्यावर पट्टकादंब नावाचे हंस येतात. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, ही त्यांची खूण. तिबेट, लडाख, मंगोलियाकडे त्यांची वीण होते आणि हिमालय ओलांडून ते दक्षिणेत उतरतात. मंगोलियात गळ्यात खुणेचा पट्टा घातलेले पट्टकादंब कर्नाटकातल्या तळ्यांवर दिसले आहेत. गोव्यात करमळीचे तळे पाणपाखरांसाठी प्रसिद्ध आहे. ही सारी ठिकाणे मध्य आशियाई उड्डाणमार्गावर येतात. हा मार्ग ३० देशांवरून जातो. आपला गावतलाव त्या वाटेवरची एक लहानशी धर्मशाळा आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप, ‘मोजून काय मिळणार?’

मोजणीचा उपयोग त्या वर्षी कळत नाही, दहा वर्षांनी कळतो. गिधाडांचे उदाहरण घ्या. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात गिधाडांची नोंद करून ठेवली होती. १९९० च्या दशकात त्यांनी पुन्हा पाहणी केली तेव्हा गिधाडे झपाट्याने संपत चालल्याचे ध्यानात आले. जुना आकडा कागदावर होता, म्हणून नवा आकडा पाहून धक्का बसला. नाहीतर ‘हल्ली गिधाडे कमी दिसतात बुवा’ एवढ्यावरच भागले असते. पुढे शोध घेता २००४ साली पाकिस्तानातील अभ्यासातून कारण उघड झाले. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. गोठ्यात टोचलेल्या सुईचा आणि आभाळातल्या गिधाडाचा संबंध असतो, हे आपल्याला मोजणीनेच शिकवले.

त्याच केवलादेवमध्ये सैबेरियाहून येणारे पांढरे क्रौंच हिवाळा काढत असत. २००२ नंतर ते तेथे दिसले नाहीत. हे साल आपण आज ठामपणे सांगू शकतो, कारण तेथे दर वर्षी कोणीतरी वही घेऊन बसत होते. आपल्या तलावावरून असे एखादे पाखरू कायमचे गेले असेल, तर ते कोणत्या साली गेले हे सांगणारा एक तरी माणूस आपल्यात आहे काय?

आकड्याला वजन असते, ते असे. एखाद्या पाणथळ जागेवर नेमाने २०,००० पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी शेकडा एक इतके पक्षी तेथे नेमाने येत असतील, तर रामसर करारानुसार ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते. मागडीचे तळे २०२४ साली रामसर यादीत आले. आपला तलाव लहान आहे, त्याला असा मान मिळेल असे आम्ही म्हणत नाही. पण तलावात गाळ भरला, जलपर्णी माजली, कोणी भराव टाकू लागला, तर दाद मागायला जाताना हातात दहा वर्षांची वही असणे आणि नुसतेच गाऱ्हाणे असणे, यात फरक आहे.

दुसरा आक्षेप थोडा दबक्या आवाजात सांगितला जातो. ‘पाखरे मोजली की सरकार येईल, अभयारण्य म्हणेल, आणि तलावकाठची शेती, मासेमारी, गुरांचे पाणी बंद होईल. तेव्हा फादर, गप्प बसलेले बरे.’ ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्याची दोन एकर जमीन काठावर आहे, त्याला भीती वाटणारच. म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करतो. मोजणीच्या कागदाने कोणतीही जागा आपोआप अभयारण्य होत नाही, त्याला निराळा कायदा आणि निराळी प्रक्रिया आहे. तसेच पाणथळ जागांविषयी २०१७ साली जे केंद्रीय नियम झाले, त्यांच्या व्याख्येतून भातशेती आणि खास सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव वगळलेले आहेत. उद्या कोणी काही ठरवायला आलेच, तर त्या बैठकीत गावाचा आकडा गावाच्या हाती असावा, की परगावच्या माणसाच्या हाती? गप्प बसलेल्याच्या वतीने दुसराच कोणीतरी बोलतो, असा आपला नेहमीचा अनुभव आहे.

भीतीपोटी आकडा लपवू नये, तसा वर्तमानपत्रात नाव यावे म्हणून तो फुगवूही नये. तीस दिसली तर तीस लिहावी. एकही दिसले नाही तर शून्य लिहावे. शून्य ही लाज नव्हे, ती नोंद आहे. ज्या वर्षी कोणी गेलेच नाही, ते वर्ष मात्र कायमचे कोरे राहते. ते मागाहून भरता येत नाही.

तिसरा आक्षेप पिकाच्या नासाडीचा, आणि तो खराच आहे. हंस आणि करकोचे पहाटे-रात्री हरभऱ्यात, भुईमुगाच्या रानात उतरतात. एका रात्रीत कोवळा शेंडा खुडला जातो. याचे दुःख शहरातल्या पक्षिप्रेमीला कळत नाही. तो फोटो काढून घरी जातो. म्हणूनच आमची सूचना अशी की, आपल्या वहीत दोन पाने असावीत. डाव्या पानावर तलावातली पाखरे, उजव्या पानावर रान : कोणाच्या शेतात, कोणते पीक, किती पाखरे उतरली, किती गुंठ्यांत नुकसान. गणनेच्या नोंदपत्रकात पाणथळ जागेची स्थिती आणि तिला असलेले धोके लिहायला जागा असतेच. आपण त्याला शेताची जोड द्यावी. नुकसानीची तक्रारही अंदाजाने केली की तिला कोणी विचारत नाही.

येथे एक गोष्ट परखडपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. काही ठिकाणी कीटकनाशक चोळलेले दाणे पाखरांसाठी टाकले जातात. तसे करणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा तर आहेच, शिवाय ते मेलेले पाखरू कुत्रा खातो, शेजाऱ्याची कोंबडी ते दाणे टिपते, आणि एखादे पोर बदक उचलून घरी रस्सा करायला नेते. विष कोणाच्या ताटात जाईल ते टाकणाऱ्याच्या हातात राहत नाही. रान राखायचे तर राखण करावी, डबा वाजवावा, चकाकती पट्टी बांधावी. विष नको.

आता कामाचे बोलू. गेल्या वर्षीची फजिती पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही पुढील योजना मांडत आहोत.

माणसे थोडी हवीत. वीस नकोत, बारा पुरेत. तलावाचे चार भाग करू : सांडव्याकडचा, बांधाकडचा, वेताच्या बेटाकडचा आणि वरच्या उथळ चिखलाचा. प्रत्येक भागाला तिघे. एकाने पाहून मोजायचे, एकाने लिहायचे, आणि तिसऱ्याने उडणाऱ्या थव्यांवर नजर ठेवायची. आपल्या भागातून उठलेला थवा शेजारच्या भागात उतरला तर तो किती वाजता उठला ते टिपून ठेवायचे, म्हणजे बेरीज करताना तो एकदाच धरला जाईल.

वेळ उजाडतीची. ऊन पाठीशी हवे, नाहीतर पाण्यावरच्या चकाकीत सगळीच बदके काळी दिसतात. दोन तासांत काम संपले पाहिजे. रविवारची पहिली मिस्सा चुकू नये म्हणून आम्ही मोजणी शनिवारी ठेवणार आहोत. उसाच्या तोडीला जाणाऱ्यांनाही नऊ वाजता मोकळे होता येईल. दर वर्षी तोच शनिवार, त्याच जागा, तीच वाट.

मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. त्याला युक्ती आहे. आधी दहा पाखरे मोजा आणि ती पाण्यावर किती जागा व्यापतात ते डोळ्यांत ठसवा. मग तेवढे-तेवढे तुकडे थव्यावर ठेवत जा. थवा फारच मोठा असेल तर पन्नासाचा तुकडा धरा. खळ्यावर धान्याची रास पाहून ‘एवढी पोती’ सांगणाऱ्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागणार नाही.

नावे ओळखण्यासाठी प्रथम दहा-बारा जाती पुरेत. चोचीचे टोक पिवळे आणि कपाळापाशी लाल ठिपके, ते हळदी-कुंकू बदक. लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक. पसरट चोचीचा थापट्या. केशरी अंगाचा चक्रवाक. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरे गंध लावलेला वारकरी. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या. शिट्टी घालत उडणारी अडई. ओळखले नाही तर ‘अनोळखी बदक, इतकी’ असे लिहावे. चुकीच्या नावापेक्षा ते शतपटीने बरे. वह्यांची नोंद पुढे ई-बर्ड या संकेतस्थळावर चढवायची असते. ते काम कॉलेजात जाणारी आपली मुले-मुली करतील.

माणसे कोठून आणायची? आमच्या डोळ्यांसमोर तीन प्रकारची माणसे आहेत. पहिल्या, तलावावर धुणे धुणाऱ्या आपल्या भगिनी. रोज सकाळी काठावर कोण उतरते हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नाही. दुसरी, शाळेतली आठवी-नववीची मुले, ज्यांची नजर तीक्ष्ण आहे आणि ज्यांना पुढची चाळीस वर्षे ही वही चालवायची आहे. आणि तिसरे, एके काळी नाताळच्या ताटासाठी बदके मारणारे आपले वडीलधारे. बंदूक केव्हाच खाली ठेवली असली तरी थवा वाऱ्यावर कसा वळतो, कोणते पाखरू कोठे लपते, हे त्यांना अजून ठाऊक आहे. त्यांनी संकोच करू नये. अमेरिकेत पूर्वी नाताळच्या दिवशी गटागटाने शिकारीला जाण्याची चाल होती. १९०० सालच्या नाताळात फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञांनी सुचवले की यंदा मारण्याऐवजी मोजू या. पहिल्या वर्षी २७ जण निघाले. ती नाताळची मोजणी आजही दर वर्षी होते आणि हजारो लोक तीत भाग घेतात. शिकाऱ्याचा डोळा वाया जात नाही, त्याला नवे काम दिले की झाले.

हे पान शेतीबरोबर आरोग्याचेही आहे, म्हणून मोजणाऱ्यांसाठी दोन शब्द. २०१९ साली राजस्थानात सांभर सरोवरावर बॉटुलिझम नावाच्या विषबाधेने हजारो पाखरे मेली. २०२०-२१ च्या हिवाळ्यात हिमाचलातील पोंग धरणावर बर्ड फ्लूने हजारो पाखरे दगावली, त्यांत बहुसंख्य पट्टकादंब होते. तेव्हा तलावावर मेलेले किंवा मान टाकलेले पाखरू दिसले तर हात लावू नये, मुलांना लावू देऊ नये, कुत्र्याला खाऊ देऊ नये. जागा आणि संख्या लिहून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. तलावावरून आल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि चिखलाची पादत्राणे कोंबड्यांच्या खुराड्यापाशी नेऊ नयेत. ज्यांच्या घरी बदके पाळलेली आहेत त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. नेमाने मोजणाऱ्या गावाला रोगाची पहिली चाहूलही लवकर लागते, हा आणखी एक लाभ.

जुन्या करारात यिर्मया संदेष्ट्याने लोकांना खडसावताना ऋतू ओळखून येणाऱ्या-जाणाऱ्या पाखरांचाच दाखला दिला आहे. पाखरे आपली वेळ चुकवत नाहीत. आपणही वर्षातून एक सकाळ चुकवू नये, एवढेच आमचे मागणे आहे.

डिसेंबरच्या पहिल्या दोन शनिवारी सकाळी साडेसहाला बांधावर सरावासाठी जमू. येताना एक वही, पेन्सिल आणि मळकट रंगाचे कपडे असावेत. कुत्री आणि डबे घरी ठेवावेत. दुर्बीण असेल त्याने आणावी, नसेल तर चार गटांसाठी चार दुर्बिणींची सोय आपण मिळून करू. नावे मिस्सेनंतर व्हरांड्यातल्या वहीत लिहावीत. ज्यांच्या हरभऱ्यात पाखरे उतरली होती, त्या शेतकरी बंधूंचे नाव आम्ही सर्वांत वर लिहून ठेवले आहे. ते आले नाहीत, तर उजवे पान भरणार कोण?